तिबूचं हँडल

हुआरेज, १२ एप्रिल १९९३

चि. सौ. ओतिलिया हिला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडं ठीक आहे, पाय सुजतात, ते सोड. तुझ्या नवऱ्याला, एलिसेओला, अक्कल कधी येणार ते सांग. पन्नाशीचा माणूस मोटारसायकलला डोक्याएवढं उंच हँडल लावतो आणि फांदीला लोंबकळल्यासारखा पोमोनाभर फिरतो. रुबाब दिसतो म्हणतेस. दिसो. मेलेल्या मित्राचं, तिबूचं हँडल त्याच्या बायकोनं रडत याला दिलं, पाद्रीबाबांनी त्यावर पवित्र पाणी शिंपडलं, म्हणून तुझी भुताची भीती गेली, हे सगळं वाचलं. मला भुताचं काही नाही. मला तारांचं विचारायचंय.

एकोणीस वर्षं मी कारखान्यात गाड्यांच्या तारांच्या जुड्या बांधते. चौथीपुढं शाळा नाही, पण तार मला कळते. हँडल उंच झालं की तारा पुरत नाहीत, लांबवाव्या लागतात. जोड कुणी दिले? सोल्डर केले की नुसते पिळून टेप गुंडाळली? तारा नळीच्या आतून ओवल्या असतील तर नळीच्या भोकाला रबर आहे का? आणि डावीकडे वळताना दिवा मिचकतो असं तू गमतीत लिहिलंस, ते नीट लिही. इंजिनही अडखळतं का?

दुकानातून दोनदा फोन केला. उचलतो तोच, आणि म्हणतो, थोरल्या बाई, तुम्ही तुमचा कारखाना सांभाळा.

राग आला तरी लोभ असू दे.

एपिफानिया

पोमोना, २४ एप्रिल १९९३

ती. ताईस ओतिलियाचा शि. सा. न.

तू धाडलेली मिरची पोचली. एलिसेओनं एका बैठकीत अर्धी संपवली, आणि बहिणीचं बोलणं तिखट की मिरची, म्हणून मला छळलं.

तुझे प्रश्न वाचून दाखवले तेव्हा मात्र चिडला. त्यानं वर काही लांबवलेलंच नाही म्हणे. तिबूनं ओवलेल्या तारा नळीत होत्या तशाच आहेत, यानं फक्त खालच्या टोकाला आपल्या तारा पिळून टेप लावली. त्यांच्या मोटारसायकलवाल्या टोळीत तारेचं काम तिबूच करायचा. सहाही जणांच्या गाड्यांच्या तारा त्याच्याच हातच्या, दुसऱ्या कुणाला त्या हात लावू देत नाहीत. रबराचं विचारलं तर हसला.

डावीकडे हँडल पुरतं वळलं की दिवा जातो आणि येतो, इंजिन एकदा खोकतं. पहिल्यांदा घाबरला होता. पण त्यांच्यातला सगळ्यात थोरला पोन्सियानो म्हणाला, तिबू रामराम करतोय. तेव्हापासून दिवा मिचकला की हा एक बोट वर करतो, आणि मागचे सगळेही करतात. आता मुद्दाम डावी वळणं घेतो. खरं सांगू, मलाही ते आवडायला लागलंय.

तिबू कसा गेला ते तुला कधी लिहिलं नव्हतं. गेल्या वर्षी सोळा मेला, तिन्हीसांजेला, मोठ्या चौकात डावीकडे वळत होता. समोरून ट्रक आला. ट्रकवाला शपथ घेऊन सांगत होता की मोटारसायकलला दिवाच नव्हता आणि ती मधोमध थांबली. कोण ऐकतो? आमच्या लोकांनी त्याच्या घराच्या खिडक्या फोडल्या, शेवटी तो गाव सोडून गेला.

सोळा मेला वर्ष भरतं. चर्चमध्ये त्याच्या नावाची मिस्सा झाली की सगळे गाड्यांवरून दफनभूमीत जाणार. हँडल एलिसेओकडे, म्हणून पुढचा मान त्याचा.

धाकटीवर माया आहेच, ती वाढू दे.

ओतिलिया

हुआरेज, ४ मे १९९३

चि. सौ. ओतिलिया हिला आशीर्वाद. खाली बसून वाच.

ट्रकवाला खरं बोलत होता. भोकाच्या लोखंडी धारेवर तार घासते, हँडल डावीकडे गेलं की ताणली जाते, उघडं तांबं लोखंडाला टेकतं. दिवा जातो, इंजिन बंद. तिबूच्या वेळी ते परत लागलं नाही, एवढंच. ज्या तारेनं तो मेला तीच तुझा नवरा हातात धरून फिरतो, वर तिला बोट दाखवतो. असल्या तारा आम्ही बाद मालाच्या लाल डब्यात फेकतो.

हे मी सांगून तो ऐकायचा नाही. तिबूचा हात चुकतच नाही म्हणेल. मला सीमेपलीकडं अमेरिकेत यायचा पास नाकारला, नाहीतर पक्कड घेऊन आलेच असते. म्हणून सोबतचा दुसरा कागद त्याला वाचून दाखव. हा दाखवू नकोस. त्यातलं सगळं खोटं आहे. मला स्वप्नं पडत नाहीत, मी पडते आणि उठते. शेजारची एक बाई सीमेपलीकडं एल पासोत घरकामाला जाते, ती तिथल्या टपालात टाकेल, म्हणजे लवकर मिळेल.

जप. लोभ नंतर बघू.

एपिफानिया

(दुसरा कागद)

एलिसेओ, काल पहाटे तिबू स्वप्नात आला. मी त्याला कधी पाहिलं नाही, पण तोच होता. म्हणाला, "मी रामराम करत नाही, मी ओरडतो. वळताना नळीत चेपतो मी. त्याला म्हणावं, मला बाहेर काढ."

पोमोना, १६ मे १९९३, रविवार सकाळ

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. दुसरा कागद मी त्याला वाचून दाखवला, त्यानं पुन्हा वाचायला लावलं. त्या दिवशी जेवला नाही. गुरुवारी हँडल उतरवलं आणि तारा ओढून काढल्या. खालच्या भोकापाशी लाल तारेची साल बोटभर गेलेली, आतलं तांबं काळं. ती तळहातावर घेतली. मग म्हणाला की त्या ट्रकवाल्याच्या खिडकीवर दुसरा दगड त्याचा होता.

शुक्रवारी ती तार घेऊन, तुमच्याही तारा तपासा म्हणत, सगळ्यांच्या घरी गेला. बाकीचे म्हणाले, पोन्सियानो म्हणेल ते. पोन्सियानोनं तारेकडे पाहिलंही नाही. "तिबूचं काम वाईट हे सांगायला वर्ष भरायचाच मुहूर्त सापडला तुला?" असं म्हणाला. यानं तुझं स्वप्न सांगितलं. त्यावर तो म्हणाला, तिबूला यायचंच असतं तर आमच्याकडे आला असता, कधी न पाहिलेल्या हुआरेजच्या बाईकडे कशाला जाईल? तू खोटं लिहिलंस हे मी अजून एलिसेओला सांगितलेलं नाही. सांगायचं का ते तूच कळव.

आमची गाडी सुटी होऊन पडलीय, म्हणून तो तरी त्या गाडीवर नाही. मिस्सेनंतर पाचजण आमच्या दारावरून गेले. हा पिकअप घेऊन हॉर्न वाजवत मागं निघाला, अडवता आलं तर अडवीन म्हणाला. तासाभरात फोन करतो म्हणाला होता. तास होऊन गेला.

मी दारात उभी होते, ताई. इतके दिवस दिवा फक्त आमच्याच गाडीचा जायचा, असं मला वाटत होतं. आमच्या कोपऱ्यावर ते डावीकडे वळले, आणि एकामागून एक तिघांचे दिवे गेले आणि आले. तिघांनी बोट वर केलं. राहिलेले दोघे त्यांच्याकडे हेव्यानं बघत होते.

लोभ आहेच, तो तसाच ठेव.

ओतिलिया