फेनरच्या गाडीतल्या दोन बाटल्या

मंगळवार, ६ ऑगस्ट

सगळं बदललं ते काल दुपारी सव्वातीनला. डार्सी फेनरच्या रॅली-शर्यतीच्या गाडीतल्या आग विझवायच्या दोन्ही बाटल्या मी पिंपात उपड्या केल्या, पावडर काढून टाकली आणि रिकाम्या बाटल्यांत नुसता नायट्रोजन भरला. काटा हिरव्यावर. नवी पिन, नवं सील. सर्व्हिसच्या टॅगवर पंचने ऑगस्टचं भोक पाडलं — टच्च! झालं.

काटा दाब दाखवतो. आत काय आहे ते दाखवत नाही. म्हणून तर आधी वजन करायचं असतं. मी नाही केलं. काय करणार, माहीतच होतं की!

दुकान मामाचं; तो दूध-कारखान्याच्या आगीच्या बाटल्या पोचवायला गेला होता. डार्सी म्हणाला, "त्या बाटलीने मला एकदा हरवलंय जॉस, पुन्हा नाही." खरं आहे. गेल्या वर्षी शेवटच्या टप्प्यात खड्ड्यात आदळून एक बाटली आपोआप सुटली. गाडीत पांढरा धुरळा, समोरचं काही दिसेना, चषक गेला. शिवाय चार किलो वजन वाचतं. शेजारी बसून वळणं वाचणाऱ्या स्टुईलाही माहीत आहे, त्याची हरकत नाही. दोघं घोडे झालेत. त्यांचा जीव, त्यांची मर्जी.

मग डार्सी दारातून वळून म्हणाला, "आणि हे बघ, रॅलीला आमच्या टीममध्ये ये. ब्रायनीला गाडीखाली पाने-पकडी द्यायला माणूस हवाच आहे."

माझ्या मनात कोण आहे ते त्याला माहीत आहे. सगळ्या स्कॉट्सडेलला माहीत आहे. खुद्द ब्रायनीला, त्याच्या बहिणीला सोडून.

गुरुवार, ८ ऑगस्ट

ब्रायनीने मला आज 'जॉसी' म्हटलं. जॉसी!

रविवार, ११ ऑगस्ट

दिवसभर फेनरांच्या शेडमध्ये. ऑगस्ट म्हणजे इकडे ऐन हिवाळा; बाहेर बर्फासारखं दहिवर, आत लाकडाची शेगडी. ती गाडीखाली, फक्त बूट बाहेर. "चौदाचा दे." दिला. "हा तेराचा आहे, कॉलेजकुमार!" मी म्हटलं, कॉलेज सोडून आठ महिने झाले. "ते सोडलंस की त्यांनी हाकललं?" खरं ते सांगितलं — प्रयोगशाळेत मास्तरांशी भांडलो, वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि लॉन्सेस्टनहून सरळ बस धरली. ती गाडीखालून हसली. इतकी हसली की डोकं आपटलं तिचं. कपाळाला ग्रीस लागलं होतं. पुसून देऊ का म्हणायचं होतं. म्हणालो नाही. गाढव.

मंगळवार, १३ ऑगस्ट

ब्रिडपोर्टहून एक पोरगा नवी कोरी बाटली घेऊन आला. प्लास्टिकच्या आकड्यात अडकवायची. गाडीत बसवून टॅग मारून हवी होती. मामा पेटला.

"ही स्वयंपाकघरात लाव. चिप्स तळताना कामाला येईल."

"का? हिच्यावर मान्यतेचा शिक्का आहे की."

"बाटलीला आहे. आकड्याला कोणी दिला? गाडी उलटली की हीच तुझ्या टाळक्यात बसेल. धातूचं ब्रॅकेट आण, दोन धातूचे पट्टे. गाडीत आडवी बसव, आणि बोल्ट आरपार, खाली पत्रा लावून. पट्टा बांधून सीटवर बसल्यावर हात पोचतो का बघ. पोचला नाही तर ती शोभेची."

"एवढं कशाला? मागची तर दोन वर्षं तशीच होती."

"दोन वर्षं!" पोराने सोबत आणलेली जुनी बाटली मामाने त्याच्या कानाशी नेऊन उलटी केली. "ऐकलंस काही? नाही ना? हादऱ्याने आतली पावडर तळाशी बसून विटेसारखी झालीय. पिन ओढशील आणि नुसता फुस्स होईल."

पोरगा बापडा लाल होऊन गेला. मामा टेबल पुसत मला म्हणाला, "एकतीस वर्षांत न तोललेल्या बाटलीवर मी पंच मारला नाही."

प्रत्येक टॅगवर मामाच्या परवान्याचा नंबर असतो. माझा नाही. मला परवानाच नाही.

जेवलो नाही. पोट बरं नाही म्हटलं.

शनिवार, १७ ऑगस्ट

स्टुईचं गळ्याचं हाड मोडलं. बटाट्याच्या शेतात बाईक उलटली. पुढच्या शनिवारी रॅलीत डार्सीच्या शेजारी ब्रायनी बसणार.

ब्रायनी.

रविवार, १८ ऑगस्ट

सकाळीच गेलो. डार्सी एकटा टायर धूत होता.

"बाटल्या दे. भरून आणतो."

"तपासणी तोंडावर आलीय. कशाला हात लावू नकोस."

"ब्रायनी बसणार आहे, डार्सी!"

"मग? सहा वर्षांत माझ्या गाडीला आग लागलीय का?"

"तिला माहीत आहे का?"

"नाही. आणि कळणारही नाही." मग अगदी शांतपणे, "टॅगवर पंच कोणी मारला? मी? आणि नंबर कोणाचा? विचारलं तर मी म्हणेन, मला काय कळतं त्यातलं, मी सर्व्हिसला दिल्या, तशाच परत आल्या."

मी त्याची कॉलर धरली. तो हसला. हसला! "मार ना. मग ब्रायनीला सांग का मारलंस ते."

सोडली. हात खिशात घातले. गाडी चालवताना स्टिअरिंगवर इतका जोरात ठोसा मारला की अजून बोटं दुखतायत.

मंगळवार, २० ऑगस्ट

आज सांगणारच होतो. बेकरीबाहेर भेटली. सॉसेज रोल अर्धा मला दिला. वळणांची वही दाखवली, अक्षर मुंगीएवढं. "सहा वर्षं याच्या गाडीखाली काढली, जॉसी. पहिल्यांदा आत बसतेय." मी म्हटलं, ब्रायनी, एक सांगायचंय. "मलाही. आई घाबरलीय, जाऊ नको म्हणते. मी तिला म्हटलं, बाटल्या जॉसने स्वतः केल्यात, तो आणि त्याचा मामा क्लाइव्ह म्हणजे चिंता नको. तेव्हा कुठे गप्प बसली." आणि माझ्या दंडावर थाप मारली. "हं, तू काय सांगत होतास?"

म्हटलं, ऑल द बेस्ट.

ऑल द बेस्ट!

मामाचं दुकान जाईल, हे कारण मी स्वतःला दिवसभर देतोय. खोटं आहे. तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. बस. एवढंच.

बुधवार, २१ ऑगस्ट

झोप नाही. डोळे मिटले की हिरवा काटा.

गुरुवार, २२ ऑगस्ट

ठरवलं, गुपचूप बदलायच्या. दोन भरलेल्या बाटल्या — तोलून, उलट्या करून, तळाला रबरी हातोडीने ठोकून — घोंगडीत गुंडाळल्या आणि जेवायच्या सुट्टीत फेनरांकडे गेलो. शेड उघडी, आत कोणी नाही. गाडी नाही. त्यांची आई खिडकीतून ओरडली, "डार्सी सकाळीच घेऊन गेला रे, मैदानावर, तपासणीला!"

मैदानाच्या कुंपणाशी गेलो. गाडी आत, रांगेत अकरावी. एकदा आत गेली की टीमच्या कोणी हात लावायचा नाही, लावला तर गाडी बाद. किल्ली एकट्या नोरीन टॅस्करकडे, तीच मुख्य तपासनीस. तारेला तोंड लावून उभा राहिलो. गाडी माझ्यापासून वीस पावलांवर. फाटकावरचा म्हातारा म्हणाला, "काय रे, तिच्यात जीव अडकलाय का तुझा?"

परत आलो. बाटल्या अजून माझ्या गाडीतच आहेत.

शुक्रवार, २३ ऑगस्ट, दुपार

नोरीनचा फोन आला. मामाच्या हातात हातमोजे होते म्हणून त्याने स्पीकरवर घेतला. त्यामुळे मी ऐकलं सगळं.

"क्लाइव्ह, फेनरच्या गाडीतल्या बाटल्या तुझ्याकडच्याच ना? टॅग बरोबर, पट्टे बरोबर, काटा हिरवा. पण बोटाने ठोकली तर पोकळ वाजते रे. का माझे कानच गेले? खोलून तोलायची तर मागे चाळीस गाड्या उभ्यात."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी पंच हातात धरून उभा. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. त्याने एकदाच पाहिलं.

"तोलल्यात," तो म्हणाला. "तीन किलो चारशे. दोन्ही."

"बास. तुझा शब्द पुरे. मी सही करते."

फोन बंद.

मामा स्टुलावर बसला. हातमोजे काढायला त्याला फार वेळ लागला.

"काल पिंप उपसलं," तो म्हणाला. "चार किलो पावडर जास्त निघाली. कोणाची, ते कळत नव्हतं."

"मामा, तू खोटं का बोललास?"

"मला काय माहीत! तोंडातून निघून गेलं." मग, "आत कोण बसतंय?"

"डार्सी. आणि ब्रायनी."

मी सगळं सांगितलं. टीम, स्टुई, बेकरी, सगळं. शिव्या घालेल, थोबाडीत मारेल वाटलं. मारायला हवी होती.

"वर जा," म्हणाला. "तोंड धू. नोरीनला मी करतो फोन. सांगतो, क्लाइव्ह पायबस म्हातारा झाला, वजन करायचं विसरला, आणि लाजेपायी तुझ्याशी खोटं बोलला. परवाना माझा आहे, माझाच जाईल. तुझं नाव कुठे आहे त्यात?"

शुक्रवार, पावणेचार

वर येऊन हे लिहिलं. खालून आवाज नाही. जिन्यावरून वाकून पाहिलं — मामा फोन समोर ठेवून बसलाय. नंबर लावतो, खोडतो. पुन्हा लावतो.

मैदान सात मिनिटांवर. नोरीन तिथेच असेल, ब्रायनीही असेल. असू दे. तिच्यासमोरच सांगेन, डार्सीसमोरही. पंच मी मारला.

मागच्या जिन्याने उतरतोय. दार ओढून घेतो.