पुढचं दार

३ मार्च
माझ्या इस्त्रीच्या दुकानासमोरची म्हातारी गेली, आता तिचं घर विकायला निघालंय. घेणार तर मीच. जन्मभर तिच्या साड्यांना इस्त्री केली, पण बाईनं पुढच्या दारातून कधी आत घेतलं नाही. गठ्ठा न्यायचा मागच्या दारानं, द्यायचा मागच्या दारानं, तोही चप्पल काढून. आता पुढच्या दारानं चपलेसकट जाणार. तिच्या खुर्चीत बसणार. आणि त्या घरातल्या रुमालालासुद्धा यापुढे इस्त्री करणार नाही. फायनल.

५ मार्च
वारस दोन. थोरला मुलगा, धाकटी मुलगी. एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण विकण्यावर एकमत! एजंट म्हणाला, मावशी, सोमवारी दोघं सही करतायत, भाव बरा आहे, हो म्हणून टाका. विचार करते म्हटलं. तिची पोरं हसतखेळत घर विकून गेली तर माझा सूड कसला? आधी भांडू देत. भावही पडेल.

६ मार्च
दुपारी थोरला मागेच टाकलेला शर्ट न्यायला आला. सहज म्हटलं, तुमची बहीण म्हणत होती, आजारपणात दादा फिरकला नाही, हिश्शाला बरा हजर. लालबुंद झाला. ती असं म्हणाली नव्हती. पण म्हणाली असती.
संध्याकाळी धाकटीला सांगितलं, दादा विचारतोय, आईच्या बांगड्या कुणी लांबवल्या. रडली. मी पाणी दिलं. मी काही दगड नाही.

९ मार्च, सोमवार
सही नाही. दोघं भर रस्त्यात भांडले. एजंटनं डोक्याला हात लावला. मी दुकानात बसून निवांत चहा प्याले.

२० मार्च
घराची वाटणी झाली. मधे भिंत. थोरला तणतणत आला. म्हणाला, तिच्या नाकावर टिच्चून माझा अर्धा भाग तुम्हालाच देतो. तोही स्वस्तात! एजंट म्हणाला, आधी बघून घ्या. बघायचं काय? घर रोज समोर दिसतंय. उरलेला अर्धा धाकटी रडत आणून देईल.

४ एप्रिल
खरेदी झाली. किल्ली हातात. तडक पुढच्या दाराला लावली. फिरेना. आतून धाकटी म्हणाली, मावशी, ही बाजू माझी. दादाची मागची होती. खुर्चीही तिच्याच बाजूला.
एजंटला झापलं. म्हणाला, बघून घ्या म्हटलं होतं की.

१० एप्रिल
धाकटी विकत नाही म्हणते. वर भाऊबहीण बोलायला लागलेत. कोण काय म्हणालं ते सगळं निघालं. माझं नाव निघालं. मी नसते तर भांडले नसते, आणि भांडले नसते तर त्यांचं गोडही झालं नसतं. पण उपकार मानतं कोण? आज थोरला पुढच्या दारानं आत गेला. नंतर हसण्याचा आवाज. भिंत फार पातळ बांधलीय.

१२ एप्रिल, सकाळी
माझ्या अर्ध्या घरात गेले. दाराशी चप्पल आपोआप निघाली. परत घातली. तेवढ्यात कडी वाजली. धाकटी, हातात गठ्ठा. म्हणाली, मावशी, संध्याकाळपर्यंत द्या, दादाचे शर्टही आहेत त्यात. तुम्ही इथंच आलात ते बरं झालं, रस्ता ओलांडायला नको.
गठ्ठा घेतला. दर वाढवून सांगणार होते, राहिलं.
पण तिला आत ये म्हटलं नाही. मागच्या दारातच उभी ठेवली. चांगली मिनिटभर.