टँकर गेल्यावर कीलला

प्रिय जाहेदा,

तुझा कीलचा बेत मिळाला. सूनबाईने फोनवरून वाचून दाखवला आणि मी तो कॅलेंडरच्या मागे उतरवून घेतला. शुक्रवारी हॅम्बुर्गला तुझ्याकडे मुक्काम, शनिवारी सकाळच्या गाडीने सव्वा तासात कील, स्टेशनाजवळच हॉटेल, दुपारी बोटीतून पलीकडच्या वाळूवर, रविवारी कालव्याच्या काठी उभं राहून जहाजं बघायची आणि संध्याकाळी परत. मी आणि तुझे अब्बा, दोन म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना झेपेल असाच आखलास. तुझी केसरकाकू म्हणाली, "दोन दिसासाठी इतक्या लांब कशापायी जायाचं? आन् तिथं खायाचं काय?" मी म्हणालो, तू धपाटे बांधून दे, समुद्राकाठी बसून खाऊ. त्यावर ती उठून चुलीकडे गेली. तिला सगळं ठाऊक आहे.

पण पोरी, हा बेत मुळात तुझा नाही, तुझ्या अब्बांचा आणि माझा आहे. शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या दुष्काळात उसाचं टिपरू उरलं नव्हतं आणि आपल्या सहकारी कारखान्याचा हंगाम सुरूच झाला नाही. तरी हजेरी लावावी लागायची. आमचा इसाक, तुझे अब्बा, फिटर आणि मी पंपावर. काम काहीच नाही म्हणून आम्ही त्या मोठ्या जर्मन पंपाला टेकून दिवस काढायचो. पंपावर पितळी पाटी होती, तिच्यावर छोटंसं जहाज आणि खाली गावाचं नाव. इंजिनिअरसाहेबांनी सांगितलं, हे कील, बंदराचं गाव, नजर जाईल तिथवर पाणी. इसाक कपाळाला हात लावून म्हणाला, "रामहरी, हितं प्यायाला थेंब न्हाई आन् ह्यो गडी असल्या गावातनं आलाय बे! एकदा बगून येऊ." साहेब म्हणाले, तिकडे शनिवार-रविवार सुट्टी असते. मग दोनच दिवसांचा बेत ठरला आणि इसाकने तो ऊस मोजायच्या काट्यावरच्या वजनचिठ्ठीमागे पेन्सिलीने लिहिला. पहिली ओळ अशी होती: शनिवार, टँकर येऊन गेल्यावर निघणे. आपल्या वस्तीवर टँकर शनिवारी यायचा आणि ज्याच्या घागरी दारात नसतील तो आठ दिवस कोरडा. साहेब हसून हसून बेजार झाले. आम्हाला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. टँकर सोडून माणूस जाणार तरी कसा?

त्यानंतर दर खंडेनवमीला इसाक ती पाटी चिंचेने आणि परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेने घासून लख्ख करायचा आणि मी तिला हळदकुंकू वाहायचो. घासणं त्याचं, पूजा माझी, अशी आमची वाटणीच होती. पुढे कारखाना बंद पडला आणि पंप भंगारात निघाला, तेव्हा इसाकने साहेबांकडून एवढी पाटी मागून घेतली. तू तिला खेळण्यातली समजून भातुकलीत ताट म्हणून मांडायचीस, आठवतं? तू अंबाजोगाईला नर्सिंगला गेलीस, जर्मनीला गेलीस, तुझी अम्मी अजमतबी वारली, पण पाटी खिडकीत तशीच राहिली. आता तो तिला रोज घासतो. अक्षरं गेली, जहाजाचं शीडही गेलं. मी म्हणतो, अरे कालच घासलीस. तो म्हणतो, उद्या नवमी हाय.

इथवर वाचून तू ओळखलं असशील. नर्स आहेस, शिवाय त्याची लेक आहेस. मागच्या महिन्यात तुला फोनच्या पडद्यावर त्याच्या दारात घागरींची रांग दिसली आणि तू विचारलंस, काका, पुन्हा पाणीटंचाई आहे का? मी म्हणालो, नळ बंद आहे. मी खोटं बोललो, जाहेदा. नळाला पाणी येतं. दर शनिवारी पहाटे तो घागरी दारात मांडतो आणि टँकरची वाट बघत दुपारपर्यंत उंबऱ्यात बसतो. दुपारी केसर जाऊन त्या नळावर भरून ठेवते, तेव्हा कुठे तो दोन घास खातो. तू चिडवायचीस ना, काका, अब्बांना बोलू द्या की, तुम्हीच काय बोलता? मी शेजारी बसून त्याला शब्द पुरवत होतो. तो नुसता "हौ बेटा, हौ बेटा" म्हणायचा आणि तुला वाटायचं, अब्बा खूश आहेत.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की आठवणीतलं नवं आधी जाईल, जुनं शेवटी. तेव्हा तो शुद्धीत होता. दवाखान्याच्या पायरीवर बसून त्याने मला अजमतबीची शपथ घातली, "पोरीला कळू द्यायाचं न्हाई. ती सगळं टाकून येईल." मी शपथ घेतली. फार मोठी चूक केली. मित्राचा शब्द पाळला आणि तुझी दोन वर्षं खाल्ली. मला माफ कर असं म्हणायचीही लाज वाटते.

परवा शुक्रवारी मी त्याला तुझा बेत वाचून दाखवला. चेहरा असा उजळला म्हणून सांगू! बोट, वाळू, जहाजं, त्या जुन्या चिठ्ठीतलं सगळं त्याला पाठ होतं. मला मधेच थांबवून म्हणाला, "टँकरचं लिवायचं र्‍हायलं बे." मग विचारलं, "टेसनावर आपल्याला न्यायाला कोन येनार?" मी म्हणालो, जाहेदा. तो म्हणाला, "कोन जाहेदा?" मी म्हणालो, अरे तुझी लेक. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. म्हणाला, "आमाला कुठं लेकरू हाय, रामहरी? अजमतनं दर्ग्यात मन्नत मागितलीया. अल्ला देईल तवा देईल." पोरी, तो त्या दुष्काळाच्या सालात जाऊन बसलाय आणि तू त्यानंतर पाच वर्षांनी जन्मलीस.

म्हणून शपथ मोडून लिहितोय. फोनवर माझ्याने बोलवणार नाही, या पानांचे फोटो सूनबाई तुला पाठवील. आमची तिकिटं काढू नकोस, तुझं काढ. जमलं तर शनिवारी पोच, त्या दिवशी तो नक्की दारात असतो. आल्या आल्या रडू नकोस आणि नावही सांगू नकोस. त्याच्या पुढ्यातली घागर उचल, नळावर भरून आण, सगळ्या भरून होऊ देत. मग त्याच्याजवळ उंबऱ्यात बस आणि एवढंच सांग, की अजमतबीची मन्नत फळली.

वाट बघतोय.

तुझाच,
रामहरीकाका