दोर सोडायचा सराव

११ जुलै, शुक्रवार

आज पुन्हा आपटले! डाव्या कोपराचं सालटं गेलं, गुडघ्याला टेंगूळ आणि तोंडात इंदापूरच्या माळाची माती. चव ओळखीची झालीय आता.

पायाखाली चार चाकांची फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला पतंग. पतंग म्हणजे आमच्या ट्रॉलीवरच्या ताडपत्रीएवढा. मागे दोरीनं बांधलेला ट्रॅक्टरचा टायर. ग्रीनलंडला फळीच्या जागी स्की असतील आणि टायरच्या जागी सामानानं भरलेली स्लेज. बाकी वारा तो वाराच. मस्त चाललं होतं. एकदम झोत आला आणि ज्ञानेश सर ओरडले, "सोड! सोड!" छातीवरचा लाल खटका ओढला की पतंगातली हवा निघून जाते आणि तो मुकाट खाली पडतो. लहान पोरही ओढेल. मी काय केलं? टाचा रोवल्या, मागे रेलले आणि धरून ठेवलं! फळी उलटली. मी पोटावर, टायर पाठीवर.

सर चिडले नाहीत. तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "बर्फावर टायर नसतो, उत्कर्षा. स्लेज पाठीत बसली तर तुझ्या एकटीची नाही, चौघांची मोहीम संपली."

१२ जुलै

कोपर वाकत नाही. डेअरीत दिवसभर दुधाचे नमुने एकाच हातानं तपासले. सगळे विचारतायत, गाडीवरून पडलीस का? हो म्हटलं. एमआयडीसीत कुणाला सांगू की मला पतंगानं फरपटत नेलं? रजा राहील बाजूला, वेड्यांच्या डॉक्टरचा नंबर देतील.

१५ जुलै, मंगळवार

सर आज स्पष्ट बोलले. वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेला माणूस, ग्रीनलंडचा बर्फ एकदा पार करून आलाय, त्यांना गोड बोलायची गरज नाही. पुढच्या एप्रिलच्या मोहिमेसाठी तिघं पक्के. चौथी जागा माझी किंवा निकिताची. पतंग मी तिच्यापेक्षा चांगला चालवते. फुशारकी नाही, सरच म्हणाले. पण 'सोड' म्हटलं की निकिता सोडते. ३ ऑगस्टला शेवटची चाचणी.

"वाऱ्यात तुझे हात बंद होतात. त्या दिवशी एकदा जरी धरून ठेवलंस, तर निकिता."

हात बंद होतात! कुणामुळे ते मला चांगलं माहितेय.

१९ जुलै, शनिवार

आप्पांमुळे. माझे आजोबा.

कऱ्हाटीच्या आमच्या वस्तीवर नागपंचमीला वावडी चढते. कळकाच्या कामट्या, त्यावर कापड, पुरुषभर उंचीचा पतंग. त्याला मांजा नाही, चांगला जाड दोर लागतो. गडी ओळीनं दोर धरतात, सगळ्यात पुढं आप्पा. वावडी वर जाऊन ठरली की बाकीचे हात काढून घेतात आणि खाली बायकांचा फेर संपेपर्यंत ती एकट्या आप्पांनी पेलायची. याला पहिला हात म्हणतात. ज्याच्या हातून दोर सुटेल त्यानं पुन्हा कधी पुढं उभं राहायचं नाही. मला आठवतंय तेव्हापासून पहिला हात आप्पांचाच. मी एवढीशी असताना मला पुढ्यात उभी करून माझे हात दोरावर ठेवायचे. "टाच रोव. मागं रेल. हात तुटला तर तुटू दे, दोर सुटता कामा न्हाय." घरानं लावलेली एकुलती एक शिस्त, आणि तीच नडतेय!

आज धीर करून त्यांना चाचणीचं सांगितलं.

"सोडायला शिकिवतो त्यो? आन त्येला सर म्हन्ती व्हय?"

"आप्पा, तिथं धरून ठेवलं तर हाडं मोडतील."

"मग जाऊ नगंस तितं."

आतून आई — "मी बी त्येच म्हन्ते!" बाबा पेपरात. 'तुमचं तुम्ही बघा' हे त्यांचं कायमचं मत.

 आप्पांनी हळूच विचारलं, "न्हाय जाऊ दिलं तुला, तर गप ऱ्हाशील का?"

"नाही."

"हं." एवढंच.

२० जुलै

धरलं. परत धरलं. शी!

२४ जुलै, गुरुवार

मला जायचंय कशाला? आई रोज विचारते आणि रोज मी काहीतरी थातुरमातुर सांगते. इथं कुणालाही माझा दिवस विचारा. माझी स्कूटी कुठल्या वळणावर कधी दिसणार हे टपरीवाल्यापासून सगळ्यांना पाठ. तिथं सगळा पांढरा पसारा. झाड नाही, घर नाही, 'कुणाची गं तू?' म्हणणारं कुणी नाही. पूर्वी माणसं स्लेज अंगानं ओढत न्यायची, दिवसभर राबून थोडंसं अंतर कापायची. पतंगानं तेच अंतर जेवायच्या आत होतं — वाऱ्याची मर्जी असेल तर. नसेल तर तंबूत बसून राहायचं, चार चार दिवस. मला ते बसून राहणंसुद्धा हवंय. आईला हे कसं सांगू? तिला वाटेल घरात काही कमी पडलं.

खटका खिडकीच्या गजाला बांधून सराव करते. घरी शंभर वेळा जमतो. माळावर वारा भरला की हात माझे राहतच नाहीत, आप्पांचे होतात. मग डोक्यात काही शिरत नाही.

२९ जुलै, नागपंचमी

लिहू नये असं वाटतंय. पण लिहिते.

वावडी छान चढली. वारा कसला होता आज! वर ती नुसती गुंजत होती. गड्यांनी हात काढले. आप्पा एकटे, दोर कमरेमागून घेतलेला, टाचा मातीत. बायकांनी फेर धरला. मी मुद्दाम त्यांच्या शेजारी उभी होते, त्यांनीच बोलावलं होतं. "हितं थांब. माझ्या हाताकडं बघ."

मोठा झोत आला. आणि दोर सुटला.

आप्पांच्या हातून! बोटं उघडलेली मला दिसली. दोर सळसळत कमरेमागून निघून गेला, वावडी कॅनॉलवरून गिरक्या घेत लांब कुणाच्या तरी उसात पडली. फेर थांबला.  मग एक पोरगं फिदीफिदी हसलं आणि त्याच्या मागं अख्खी वस्ती. दोरावर आप्पांच्या मागं उभा राहणारा म्हस्कूतात्या आपुलकीनंच म्हणाला, "आप्पा, वय झालं की वो!" मला त्याचं थोबाड रंगवावंसं वाटलं.

आप्पा म्हणाले, "व्हय बाबा. न्हाय ऱ्हायली बोटात ताकद."

घरी येऊन जेवायला बसले.  मी बघत राहिले तर म्हणाले, "काय बघतीस? दोर सुटला. जेवतूय नव्हं मी?" आणि आणखी एक कडबोळं मागितलं.

३० जुलै

सकाळी म्हस्कूतात्या दोर न्यायला आला. आता पहिला हात त्याचा. आप्पांनी उसातून गोळा करून आणलेल्या दोराचं वेटोळं खुंटीवरून काढलं, झटकलं, त्याच्या खांद्यावर दिलं. "उन्हात टाकू नगं, कुजतो" म्हणाले. खुंटी रिकामी. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

आई आता त्यांना पाण्याची बादलीही उचलू देत नाही. तेही ऐकतात! आप्पा, आणि आईचं ऐकतात!

१ ऑगस्ट, शुक्रवार

आप्पा थकले. हे आजवर माझ्या मनाला शिवलंच नव्हतं. उद्या काही झालं आणि मी बर्फात तंबू ठोकून बसलेली असले तर? सरांना फोन लावणार होते, निकितालाच घ्या म्हणून. नंबर काढला होता. आप्पांनी मोबाईल हातातून घेतला.

"कुनाला लावतीस?"

"सरांना. मी नाही जात, आप्पा. तुमची तब्येत..."

आप्पा भडकले! कितीतरी वर्षांनी असे भडकले. "माझ्या नावावर खपवू नगंस! भ्या वाटतंय तर तसं सांग. म्या काय तुझ्या गळ्यात पडलूय व्हय?" मोबाईल कोनाड्यात वर ठेवून दिला. दिवसभर दिला नाही. मलाही राग आला. इतकी माया करायची आणि वर शिव्या खायच्या.

३ ऑगस्ट, रविवार

सोडला! सोडला सोडला सोडला!

माळावर धूळ, वारा पिसाटलेला. आधी निकिताची पाळी, तिनं नीट केलं. मग मी. पतंग भरला, टायर मागून उड्या मारत येतोय, मला तर हसू येत होतं. आणि झोत आला. टाचा रोवल्या जाणार हे मला कळत होतं, अंग मागं जायला लागलंच होतं. तेवढ्यात आप्पांची ती उघडलेली बोटं दिसली. दोर सुटला, जेवतूय नव्हं मी? खटका ओढला. पतंग खाली. टायर माझ्यापासून हातभर लांब थांबला. मी उभी!

सर पुन्हा पुन्हा बघत होते. पाच वेळा करायला लावलं. पाचही वेळा सोडला. शेवटी म्हणाले, "पासपोर्टचं बघ." निकितानं मिठी मारली, मग थोडा वेळ एकटीच जाऊन बसली. मला तिच्यासाठी वाईट वाटलं, खरंच. पण आनंदच जास्त झाला. खोटं कशाला लिहू?

घरी येऊन आप्पांना सांगितलं. "बरं झालं," म्हणाले आणि गोठ्याकडं गेले. आपला दोर गेला आणि नात नाचतेय, त्यांना काय वाटलं असेल.

४ ऑगस्ट

सकाळी जनावरांचे डॉक्टर आले होते. सुई टोचली तशी रेडी उधळली. बाबा एकीकडं उडाले, डॉक्टर दुसरीकडं. रेडीचा दोर आप्पांच्या हातात. एकाच हातात, दुसऱ्यात चहाची बशी. रेडी जागच्या जागी थांबली, बशीतला चहा सांडला नाही. मग मी दारात उभी आहे हे त्यांना दिसलं. घाईघाईनं बशी खाली ठेवली, दुसरा हात दोराला लावला आणि कण्हायला लागले.