मटारासोबत कोणती वाइन?

तीर्थरूप आईच्या पायांवर लेकाने दुरूनच डोकं ठेवलं आहे.

रविवारी सकाळी देवापुढे दिवा लावून मी हॉटेलात गेलो, तर मालकीणबाईंनी माझ्यापुढे वाइनचे तीन पेले मांडले. वसंतातल्या सुट्टीच्या जेवणात कोवळे मटार आणि मासे आहेत. त्यांच्याबरोबर कोणती वाइन शोभेल, हे मुख्य वाढपी म्हणून आता मी चाखून सांगायचं.

आचारी म्हणाला, "काका, घ्या हो! नुसता द्राक्षांचा रस आहे."

"मग द्राक्षंच आण की," मी म्हणालो.

पण कुतूहल फार वाटलं, आई. एका पेल्याला चक्क कापलेल्या गवताचा वास होता. मटाराच्या गोडीला आंबट मानवेल की तुरट? तू न चाखता भाजीवर नेमकं लिंबू पिळतेस, ते कसं?

गुडघ्याला तेल लावतेस ना?

निघताना तुझ्या डोक्यावर हात ठेवून दारूला न शिवण्याचा शब्द दिला होता. तो मोडवेना, आणि नवी जागा जाईल ही धास्तीही होती. दोन दिवस टाळाटाळ केली. आज मात्र बाईंना सांगून टाकलं, "मी चाखणार नाही. घास माझा, घोट आचाऱ्याचा, आणि दोघं मिळून ठरवू."

बाईंनी पेले आचाऱ्याकडे सरकवले.

तुझा थोरला