दुसऱ्या अंकातलं हसणं

सोमवार, ता. ३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत आमच्या साप्ताहिकाचं पहिलं पान पाठवतोय. आधी वाच, मग हवं तर कपाटात अंथर.

इथे माणसं चार आणि पानं आठ. त्यामुळे माझा गुरुवार सकाळी कोर्टात सायकलचोराच्या खटल्यात, मग नगरपालिकेत गटारांवरच्या खडाजंगीत आणि दुपारी नाटकात गेला. ती नाटकमंडळी बुडण्याच्या बेतात आहे, म्हणून आमच्या संपादक बाईंनी मला मुद्दाम धाडलं. नाटक तसं बेताचंच. पण दुसऱ्या अंकातल्या एका मुक्या प्रवेशानं मला असं धरलं, की सगळं पान त्यावरच लिहिलं. एक बाई घर झाडते, दाराकडे तोंड करून खुर्ची मांडते आणि पायात चपला, मांडीवर पिशवी, अशी नुसती बसून राहते. खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकत भिंतीवर चढतं, पिवळं होतं, विझतं. ती आता उठेल, जाईल, असं वाटत राहतं. मग ती कोपऱ्याकडे बघते आणि हसते. खूप हसते. चपला काढते, पिशवी खुंटीला लावते. कोपऱ्यात काय आहे, ते लेखकानं दाखवलंच नाही. त्याची ही हुशारी मला फार आवडली.

तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
टिल्लू


शुक्रवार, ता. ७

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

गुडघ्याचं राहू दे. तुझं पान वाचता वाचता दूध उतू गेलं, तरी मला कळलं नाही. हे नाटक लिहिणारा कोण? तो आपल्या घरी कधी आला होता का?

अरे, ती आई आहे. मी नऊ वर्षांची होते, तू तीनचा. आईबाबांचा आठवडाभर अबोला चालला होता. शाळेतून मी मागच्या दारानं आले, तर पुढच्या खोलीत आई अशीच बसलेली, पाठमोरी, चपला घालून. मी दाराआड उभी राहिले. हाक मारवेना. खोलीतलं ऊन विझत गेलं आणि मग तिचे खांदे गदागदा हलायला लागले. मी पळत बाहेर गेले. ती आपल्याला सोडून निघाली होती आणि आपल्यापायी रडत मागे राहिली, हे ओझं मी चाळीस वर्षं एकटीनं वाहिलं. दाजींनासुद्धा सांगितलं नाही. तिला विचारायचं धाडस शेवटपर्यंत झालं नाही, आणि आता ती नाही.

तुझ्या नाटकातली बाई हसते. ते त्या लेखकाला कुणी सांगितलं, एवढं विचारून कळव. पिशवी निळी होती का, तेही विचार.

तब्येतीला जप, आणि उत्तराचं घोंगडं भिजत ठेवू नकोस.

तुझी,
ताई


बुधवार, ता. १२

ती. ताईस,
सा. न.

कसं सांगू तेच कळत नाही. तो प्रवेश नाटकात नाहीच. नाटक लिहिणारा आणि बसवणारा एकच गृहस्थ आहे. तो म्हणाला, की हा प्रवेश मी कधी लिहिला, ते मीच तुम्हाला विचारणार होतो. डोअरकीपरनं सांगितलं, की साहेब पहिल्या अंकातच मान टाकून झोपले होते, ते एकदम शेवटच्या टाळ्यांनी उठले. मी अजूनही म्हणतो, की मी झोपलो नव्हतो. पण झोपलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

आता पंचाईत अशी, की लोक तोच प्रवेश बघायला येताहेत. मंडळींनी तो शनिवारपासून नाटकात घुसवलाय, खेळ भरताहेत, आणि मी तोंड मिटून बसावं म्हणून दिग्दर्शकानं गळ घातली आहे. बाईंना यातलं काही ठाऊक नाही. त्यांचे नियम दोन. चूक ज्या पानावर, दुरुस्ती त्याच पानावर. आणि एकानं पाहिली ती वदंता, दोघांनी पाहिली ती बातमी. बावीस वर्षांत माझ्या नावावर एकही दुरुस्ती नाही, ताई. गप्प बसलो तर कुणाचं काय बिघडतं, असं दिवसातून दहादा मनात येतं.

हसण्याचं मात्र छातीठोक सांगता येत नाही. ते झोपेत पाहिलं, की लेख रंगावा म्हणून लिहिताना जोडलं? तुझ्याशी खोटं बोलवत नाही. पिशवी निळी होती. तसं मी लिहिलं नव्हतं, पण निळीच होती.

काय करू, ते सांग. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

टिल्लू


रविवार, ता. १६

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

आपल्या घरातली सगळी झोप तुझ्याच वाट्याला आलेली, त्यामुळे मी दोन दिवस जागीच होते. आज दाराशी चपला सरळ करत होते आणि एकदम आठवलं.

त्या संध्याकाळी तुला जेवायला उठवायला मीच गेले होते. तू त्याच पुढच्या खोलीत, कोपऱ्यातल्या खाटेवर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेला, आणि पायात चपला. त्याही उलट्या, डावी उजव्या पायात. घरात चपला कशाला, म्हणून तुला मी एक धपाटाही घातला होता. वेड्या, तिला निघालेली बघून तूही निघाला होतास! तिनं तुला बघितलं असणार. त्या उलट्या चपला बघून कोण रडेल रे?

तू काही जोडलं नाहीस. मला तिची पाठ दिसत होती, तुला तिचं तोंड.

आता बाईंना खरं ते सांग. आईचं हसणं दुसऱ्याच्या नाटकात उसनं राहायला नको. नोकरी गेलीच, तर इथे निघून ये. खाट आहे.

आशीर्वाद आहेतच, आज जरा जास्त.

ताई


सोमवार, ता. २४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाईंना सांगितलं. आधी त्या कडाडल्या. माझ्याकडची नाटकं काढून घेतली आणि गटारं ठेवली, कारण तिथल्या वासानं झोप लागत नाही म्हणे. मग तुझी पत्रं मागितली. ती दोनदा वाचली. शेवटी विचारलं, की हसताना दोघांनी पाहिलं ना? मी म्हणालो, तिनं खांदे पाहिले, मी तोंड. चालेल, म्हणाल्या, आणि पेन्सिल उचलली.

दिग्दर्शक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, की प्रवेश ठेवायचा की काढायचा, ते तुमच्या ताईंनी येऊन ठरवावं. तेव्हा रविवारी दाजींना घेऊन ये. तीन खुर्च्या धरल्या आहेत. मला मधल्या खुर्चीवर बसव आणि चिमटे काढत राहा.

सोबत पहिल्या पानावरचं कात्रण आहे. हे कपाटात अंथरू नकोस. बाकी लोभाचं काय लिहू, तो तुझ्याकडेच शिकलो.

तुझा,
टिल्लू


दुरुस्ती

या महिन्याच्या पहिल्या अंकात याच पानावर वर्णन केलेला मूक प्रवेश नाटकात नव्हता. आमचे परीक्षक खेळ चालू असताना झोपले होते, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तो प्रसंग त्यांच्या घरी, ते तीन वर्षांचे असताना घडला. ती बाई घर सोडून गेली नाही. ती हसली होती, याची दोन साक्षीदारांकडून खात्री करून घेतली आहे.