जुलैच्या तीन बाटल्या

हिंगोली
१४ ऑक्टोबर २०२५

ती. पारुवहिनीस,
शिलाचा वाकून नमस्कार.

"येवढं शिकून काय केलंस, तर आमच्या नाल्या उपसून राहिली." थावरादादा हे बोलला त्याला चार वर्षं झाली. सगळा तांडा हसला, तूही पदर तोंडाला लावलास. मीसुद्धा हसले होते.

दादाचा गुडघा कसा आहे? सोयाबीन घरात आलं का? मागच्या आठवड्यात दोनदा फोन केला, दोन्ही वेळा गुडघ्याचंच विचारून ठेवून दिला. बोलायचं दुसरंच होतं.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. गावोगावच्या नालीतलं पाणी बाटलीत भरायचं आणि बर्फाच्या डब्यातून तपासायला पाठवायचं. माणसं दवाखान्यात येण्याआधीच काविळीसारखा रोग नालीत उतरलेला असतो. बाटलीत सापडला की पिण्याचं पाणी तपासतात, पोटुशी बायांना सावध करतात. ही कावीळ त्यांच्याच जिवावर उठते.

तांड्याची बाटली तुमच्या दारासमोर भरायची असते. जुलैत तीन सोमवार मी तिथे आलेच नाही. दादा ओट्यावर असेल, चारचौघांत पुन्हा काही बोलेल, एवढ्यासाठी. जवळा बाजारच्या पुलाखाली उतरले, तिथलं पाणी भरलं आणि चिठ्ठीवर तांड्याचं नाव लिहिलं. तिन्ही अहवाल चांगले आले. मग तांड्यातलं पाणी तपासायला कोण कशाला येईल?

रुपा तेव्हा बाळंतपणाला तुझ्याकडे आली होती. तिनं फोन केला होता, "आत्या, ये नं. माय म्हणते, शिला आता सायबीन झाली." मी काम आहे म्हणाले.

ऑगस्टमध्ये ती काविळीनं गेली, पोटातल्या लेकरासकट. तेराव्याला तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "नशीबच फुटकं माझं." मी तुझी पाठ चोळत राहिले.

त्यानंतर खरी बाटली भरली. कावीळ निघाली. पिण्याच्या पाण्याचा पाइप नालीतून गेलाय, बदला, असं लिहून दिलं. उत्तर नाही. साहेबांना जुलैचं सांगितलं तर म्हणाले, "आता कशाला उकरता, मॅडम?" काल पुन्हा बाटली भरली. गेल्या आठवड्याच्या बाटलीत कावीळ होतीच.

दिवाळी झाली की तू मिनाला आणणार. तिला सातवा लागतोय. पाणी उकळा, मिनाला इतक्यात आणू नका म्हणून निरोप धाडला, तर दादा म्हणाला, "आमचं पाणी आमाला माहीत हाय." आणि तू म्हणालीस, "एक लेक गेली म्हणून दुसरीचं माहेर तोडू व्हय?"

हे जुलैचं न सांगता मागितलं असतं, तर कदाचित ऐकलंही असतंस. पण रुपाचं पोटात ठेवून मिनाला मागायची माझी हिंमत झाली नाही.

मिनाचं बाळंतपण माझ्या घरी होऊ दे. तूही ये. माझं तोंड बघायचं नसेल तर मी तीन महिने दुसरीकडे राहीन, किल्ली शेजारी ठेवीन. हे वाचल्यावर तू माझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाहीस, मला माहीत आहे. तरी मिनाला इकडे पाठव.

रुपाची आत्या,
शिला